टपरीवरचा आकडा

शाळेतून आले तेव्हा ती आमच्या ओट्यावर बसलेली होती. भर दुपारी, पदराचं टोक तोंडाशी धरून. माझ्याकडे संध्याकाळी पाच-सहा मुली शिकवणीला येतात, त्यांतल्या दहावीतल्या एकीची ही आई. मी कुलूप काढेपर्यंत ती काही बोलली नाही. पाणी दिलं, ते प्यायली आणि मग म्हणाली, "बाई, या महिन्याची फी पुढच्या महिन्यात दिली तर चालंल का?"

"अगं, एवढ्यासाठी या उन्हात आलीस? मुलीबरोबर निरोप दिला असतास तरी चाललं असतं."

"तिला कळायला नको, म्हणून तर आले."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नवरा आसनगावच्या बाजूला एका कारखान्यात कामाला. पगार हातात पडला तो दिवस आणि त्यानंतरचे चार दिवस. एवढ्यात साडेतीन हजार रुपये आकड्यावर गेले. कुठे लावतो? तर नाक्यावरच्या पानटपरीवर. मी आपली शहाणी, लगेच म्हटलं, "मग पोलिसात सांग ना सरळ."

तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मीच वर्गात चुकीचं उत्तर दिलेली मुलगी वाटावी. "आणि मग रात्री-बेरात्री पैसं कोण देईल, बाई?" तिचा धाकटा दोन वर्षांपूर्वी तापानं फणफणला होता. रात्री एकला याच टपरीवाल्यानं दोन हजार रुपये काढून दिले, स्वतः रिक्षा काढून दवाखान्यात नेलं आणि सकाळपर्यंत बाकावर बसून राहिला. "त्याचं नाव मी कसं घेऊ?"

मैत्रिणींनो, 'संघटित गुन्हेगारी' हा शब्द आपण वर्तमानपत्रात वाचतो. तो वाचला की डोळ्यांपुढे येतात पिस्तुलं, दुबईतून येणारे फोन, सिनेमातले काळे चष्मे. रात्री एकला दवाखान्याच्या बाकावर बसलेला माणूस काही डोळ्यांपुढे येत नाही. त्या दिवसापासून मी जरा वाचायला लागले, माहेरी जाऊन विचारायला लागले. आमचे हे म्हणाले, "तू कशाला त्या भानगडीत पडतेस?" पण भानगड ओट्यावर येऊन बसली होती, मी काय करणार!

माझं माहेर मुरबाड तालुक्यातलं. मोठे काका तरुणपणी लालबागला गिरणीत होते. पौषात म्हशाच्या जत्रेला ते घरी आले, की गावातली माणसं त्यांच्याभोवती जमत. काकू सांगते, "मला वाटायचं, मुंबईची खबरबात विचारतायत. पण ते विचारायचे, काल काय फुटला?" म्हणजे ओपन काय आणि क्लोज काय. म्हणजे मटका.

या मटक्याची जन्मकथा मोठी गंमतीची आहे. पूर्वी मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर पैजा लागत. तिथला उघडतानाचा भाव आणि बंद होतानाचा भाव तारेने मुंबईला येई आणि त्यातल्या आकड्यांवर इथली माणसं पैसे लावत. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथूनच आले. १९६१ साली न्यूयॉर्कहून भाव येणं बंद झालं. आता धंदा बसायला हवा होता, नाही का? पण नाही. आकडे पाकिस्तानातून आलेले रतन खत्री आणि वरळीत किराणा दुकान चालवणारे, मूळचे कच्छचे कल्याणजी भगत अशा माणसांनी 'कापूस नको, नुसता आकडाच काढू' असं ठरवलं. १९६२ साली कल्याणजींचा वरळी मटका सुरू झाला, १९६४ साली खत्रींनी आपला वेगळा काढला. आधी मडक्यातून चिठ्ठ्या काढत, पुढे पत्ते आले. तीन पत्ते काढायचे, बेरीज करायची, शेवटचा आकडा तो ओपन. पुन्हा तीन पत्ते काढायचे, तो क्लोज. दोन्ही मिळून जोडी. 'कल्याण' मटका म्हणतात तो या कल्याणजींच्या नावाचा. मी इतकी वर्षं समजत होते, की आपल्या कल्याण स्टेशनाजवळ कुठेतरी तो निघतो!

हिशेब अगदी साधा आहे, आपल्या वाणसामानाच्या यादीपेक्षा सोपा. आकडे दहा. तुमचा एक आला तर रुपयाला साधारण नऊ रुपये मिळतात. म्हणजे दहा जणांनी दहा आकड्यांवर एकेक रुपया लावला तर दहा रुपये जमा झाले, नऊ वाटले, एक राहिला. दहा टक्के! कुणी म्हणेल, दहातला एकच तर गेला. पण जिंकलेला माणूस पैसे घरी आणतो कुठे? तो पुन्हा लावतो. शंभराचे नव्वद होतात, नव्वदाचे एक्याऐंशी. सातव्या फेरीला शंभरातले अठ्ठेचाळीससुद्धा धड उरत नाहीत. दिवसातून दोनदा आकडा निघतो, तेव्हा सात फेऱ्यांना आठवडाही लागत नाही. कुणीही कुणाला फसवलेलं नसतं, पत्ते अगदी सरळ काढलेले असतात आणि तरी पगार गेलेला असतो.

पत्ते सरळ काढले जात, हीच या धंद्यातली मोठी भांडवलाची गोष्ट होती. खत्री म्हणे समोर बसलेल्यांपैकीच कुणालातरी पत्ते काढायला सांगत, म्हणजे शंका नको. जिंकणाऱ्याचे पैसे बुडाले असं होऊ द्यायचं नाही. हे का, ते मला कायद्याचं पुस्तक पाहिल्यावर उमगलं. १८७२ च्या करार कायद्याच्या तिसाव्या कलमाप्रमाणे पैजेचा करार मुळी करारच नाही. टपरीवाल्यानं पैसे दिले नाहीत तर तुम्ही कोर्टात जाऊ शकत नाही, आणि तुम्ही उधारी बुडवलीत तर तोही जाऊ शकत नाही. मग हा व्यवहार चालतो कशावर? एकतर विश्वासावर, नाहीतर धाकावर. खाली नाक्यावर विश्वास असतो. जसजसं वर जावं, रकमा वाढत जाव्यात, तसतसा धाक लागतो. आकडा लिहिणारा टपरीवाला, त्याच्या वरती बुकी, एखाद्या आकड्यावर फार पैसे आले तर तो बोजा आणखी वरच्याकडे उतरवायचा, अशी ती उतरंड असते. धाड पडली की सापडतो तो सगळ्यांत खालचा. १८८७ च्या जुगारबंदी कायद्याखाली तो दंड भरतो आणि पुन्हा टपरी उघडतो. दंडसुद्धा पुष्कळदा वरचाच भरतो म्हणे.

काकांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलंच. काकूला ते सकाळी चुलीपाशी विचारत, रात्री स्वप्नात काय आलं? साप आला तर अमुक आकडा, मयत दिसलं तर तमुक. "एरवी माझ्या स्वप्नांची चौकशी कुणी केली नाही हो," असं काकू आजही हसत सांगते. पण तिच्या पाटल्या त्या हसण्यात गेल्या. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. काका मुरबाडला परत आले ते कायमचेच, आणि येताना घरात विकण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. लालबाग-परळ-भायखळ्यात ज्यांना परतायला गाव नव्हतं, शेत नव्हतं, त्यांची पोरं नाक्यावर उभी राहिली. दगडी चाळीतल्या अरुण गवळींचे वडीलही गिरणीतच होते. टोळ्यांना माणसं कुठून मिळाली, याचं उत्तर बंद पडलेल्या भोंग्यांत आहे, असं मला वाटतं.

आणि कामं कुठून मिळाली? त्याचंही उत्तर कोर्टातल्या धुळीत आहे. भाडेकरू आणि मालकाचा खटला वीस-वीस वर्षं चालतो. मग एक दिवस कुणीतरी सुचवतं, 'भाईं'कडे जा, आठ दिवसांत निकाल. तो निकाल न्यायाचा असतो असं नाही, पण तो लागतो! सरकार जे देत नाही किंवा फार उशिरा देतं, ते विकायला कुणीतरी बसलेलाच असतो. आमच्या शहापुरात भातसा, तानसा अशी धरणं आहेत, मुंबईला पाणी इथून जातं आणि उन्हाळ्यात आमच्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहत हंड्यांची रांग लागते. या एवढ्या उदाहरणावरून मी काय म्हणते ते आपल्या भागातल्या बायकांना कळेल.

कधी कधी तर कायदाच टोळीला जन्म देतो. आपल्याकडे मोहाची झाडं भरपूर. पूर्वी पाड्यापाड्यांवर फुलं वेचून घरची दारू गाळत, देवाला दाखवत, लग्नाकार्यात पीत. इंग्रजांना मात्र दारूवरचा कर हवा होता. १८७८ चा अबकारी कायदा आला, ठरावीक मक्तेदारांचीच दारू प्या म्हणून सांगितलं. तेवढ्यानं भागेना, तेव्हा १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवरच खास कायदा झाला. फूल बाळगणं गुन्हा! काल फुलं वेचणारी म्हातारी आज गुन्हेगार. पुढे स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा झाला, हेतू चांगला होता, त्यामागची माणसंही प्रामाणिक होती. पण मुंबईची तहान काही कमी झाली नाही. व्ही. टी. स्टेशनवर हमाली करणारा वरदराजन मुदलियार हातभट्टीवर एवढा मोठा झाला, की माटुंग्याच्या त्याच्या गणपतीला मोठमोठी माणसं येऊ लागली. अमेरिकेत १९२० ते १९३३ हेच झालं होतं, तिथला कपोन दारूबंदीनंच मोठा केला. मी दारूची बाजू घेत नाही बरं का. दारूनं विस्कटलेली घरं मी शाळेच्या हजेरीपटावर रोज वाचते. एवढंच, की मागणी घरात राहिली आणि दुकान बंद झालं, तर मागचं दार उघडतं.

वाचता वाचता मला सगळ्यांत नवल वाटलं ते न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीचं. तिथे १९२०च्या सुमारास गरीब काळ्या लोकांत 'नंबर' नावाचा खेळ चाले. आकडा कुठला? तर वर्तमानपत्रात रोज छापून येणाऱ्या बँकांच्या उलाढालीच्या रकमेतला. म्हणजे आपला कापसाचा भावच की! पैसे गोळा करणारा नाक्यावरचा ओळखीचा माणूस, उधारी चालायची, अगदी पेनीपासून खेळता यायचं. आणि त्या धंद्यातली एक मोठी मालकीण होती, स्टेफनी सेंट क्लेअर नावाची बाई. बँका काळ्या माणसांना कर्ज देत नसत, तेव्हा या नंबरवाल्यांच्या पैशावर तिथली दुकानं उभी राहिली. मग १९३०नंतर डच शुल्ट्झ नावाचा गोरा गुंड बंदुका घेऊन आला आणि धंदा बळकावला. १९६७ साली न्यूयॉर्क सरकारनं स्वतःची लॉटरी काढली, आता नंबर मरणार म्हणाले. आपल्याकडेही १९६९ साली महाराष्ट्र राज्य लॉटरी निघाली. पण तिकडे नंबर मेला नाही आणि इकडे मटका. लॉटरीवाला उधार देत नाही, आणि मूल आजारी पडलं तर रिक्षा काढत नाही.

जपानची गोष्ट तर आणखीच. तिथल्या टोळ्यांना 'याकुझा' म्हणतात. तो शब्द आला आठ-नऊ-तीन या आकड्यांवरून. तिथेही तीन पत्त्यांची बेरीज करून शेवटचा आकडा धरण्याचा खेळ आहे. आठ, नऊ आणि तीन म्हणजे वीस, शेवटी शून्य. हरलेला डाव! 'आम्ही हरलेल्या डावाची माणसं' असं ते स्वतःला म्हणवत. त्यांचे पूर्वज कोण, तर जुगाराचे फड चालवणारे आणि देवळांच्या जत्रांत दुकानं मांडणारे फेरीवाले. म्हशाच्या जत्रेत सोरट खेळलेल्या मला हे वाचून अगदी ओळखीचं वाटलं. या टोळ्यांची राजरोस कार्यालयं असत, दारावर पाटीसकट. १९९५ साली कोबेला भूकंप झाला तेव्हा तिथल्या टोळीनं लोकांना अन्न-पाणी वाटलं. म्हणजे दवाखान्याचा बाकच. साठच्या दशकात त्यांची संख्या एक लाख ऐंशी हजारांच्या वर होती, आता ती वीस हजारांच्या आसपास आली आहे. पोलिसांच्या धाडी होत्याच, पण २०११ पर्यंत तिथे सगळीकडे असे नियम झाले, की टोळीला पैसे देणाऱ्या दुकानदारालाच जाब द्यावा लागेल. त्यांना घर भाड्यानं मिळेना, बँकेत खातं उघडता येईना. तळातून पैसा आणि आसरा आटला तशी वरची झाडं वाळू लागली.

आपल्याकडे १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर व्होरा समिती नेमली गेली. टोळ्या, अधिकारी आणि राजकारणी यांचे लागेबांधे तिनं मांडले. १९९९ साली महाराष्ट्रात मोक्का कायदा आला. टोळीयुद्धं त्यानंतर बरीच थंडावली हे खरं. नाक्यावरचा आकडा मात्र चालूच राहिला.

एक गोष्ट मला रात्री झोपताना आठवत राहते, ती सिसिली बेटावरची. तिथल्या पालेर्मो शहरात जवळजवळ प्रत्येक दुकानदार माफियाला हप्ता देई. लिबेरो ग्रासी नावाचा एक कपड्यांचा कारखानदार होता, पायजमे वगैरे शिवायचा. त्यानं १९९१च्या जानेवारीत वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिलं, की मी हप्ता देणार नाही. बाकीचे दुकानदार त्याच्यामागे उभे राहिले नाहीत, आणि ऑगस्टमध्ये त्याला भर रस्त्यात गोळ्या घातल्या. पुढच्या वर्षी न्यायाधीश फाल्कोने आणि त्यांची पत्नी बॉम्बस्फोटात गेली. त्यानंतर तिथल्या बायकांनी काय केलं माहीत आहे? मोर्चा नाही, भाषण नाही. घरातल्या पांढऱ्या चादरी काढल्या, त्यांवर माफियाविरुद्ध लिहिलं आणि सज्जांतून लटकावल्या. धुणं वाळत घालावं तशा! पोलिसात नाव द्यायचं नव्हतं, कुणावर बोट ठेवायचं नव्हतं. फक्त इतके दिवस दाराआड जे बोलत होत्या ते रस्त्यावरून दिसेल असं टांगलं.

आमच्या मुलीच्या आईला मी ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "चादरीवर लिहून माझा नवरा थांबल का?" बरोबर आहे. पूर्वी निदान धुताना खिशात चिठ्ठी तरी सापडे. आता आकडा मोबाइलवर जातो, पैसेही मोबाइलवरून जातात, बायकोला कळतं ते डबा रिकामा झाल्यावर. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळण्याच्या मोबाइलवरच्या खेळांवर बंदीचा कायदा केला, चांगलंच झालं. पण त्या माणसाला नाक्यावर जायला कायदा नको असतो, त्याला पाय असतात.

मग आम्ही त्या रात्री एकच्या प्रश्नाकडेच वळलो. बचत गट आहे, पण गटाचे पैसे बँकेत. रात्री मूल तापलं तर सकाळी दहापर्यंत थांबायचं का? गल्लीतल्या सहा जणींनी मिळून ठरवलं, महिन्याला प्रत्येकी दोनशे रुपये एका डब्यात टाकायचे. डबा माझ्याकडे, किल्ली मुलीच्या आईकडे, हिशेबाची वही तिसरीकडे. कुणाच्या घरी आजारपण आलं, बाळंतीण अडली, तर कुठल्याही वेळी दार वाजवायचं. व्याज नाही. परत फेडायचे तीन महिन्यांत. शेजारच्या रिक्षावाल्या भावजींना रात्री उठवायची परवानगी त्यांच्या बायकोनंच देऊन टाकली, त्यांना न विचारता! पहिल्या चार महिन्यांत डबा दोनदा उघडला. एकदा खरंच गरज होती, एकदा एकीनं माहेरच्या लग्नातल्या आहेरासाठी मागितले आणि आमची चांगलीच भांडणं झाली.

मुलीच्या आईनं टपरीवाल्याचं जुनं देणं फेडायला सुरुवात केली आहे. नवरा अजून लावतो, पण उधारीवर नाही. ती स्वतः टपरीवर जाऊन सांगून आली, "भाऊ, यांच्या नावावर आता लिहू नका, मी फेडणार नाही." त्याला राग आला का, मी विचारलं. "नाही हो. हसला. म्हणाला, ताई, आकडा तर दुसऱ्या नाक्यावरबी लिहितात."

गेल्या महिन्याच्या पाच तारखेला आम्ही डब्यासाठी जमलो होतो. दारात एक बाई येऊन उभी राहिली. हातात दोनशेच्या दोन नोटा, घडी घातलेल्या. "मला पण घ्याल का तुमच्यात? दोन महिन्यांचे आणलेत." टपरीवाल्याची बायको. आम्ही सगळ्या एकमेकींकडे पाहत राहिलो. तिलाही ते दिसत होतं, पण ती जागची हलली नाही. म्हणाली, "ते सगळ्यांना देतात. आमच्या पोराला दवाखान्यात न्यायच्या वेळी मात्र घरात नसतं काही."

कुणीच बोलेना. मग मुलीच्या आईनंच वही ओढली आणि तिचं नाव सातवं लिहिलं.